गंजलेला स्क्रू आणि घाटाचा उतार

घरांतील मोटार वर्ष-दीड वर्ष उभी राहिली आणि मग चालेनाशी झाली कीं, “तिला झालें काय? नुसती उभी तर होती!” असें आपण सहज म्हणतों. परंतु ठाणें-कल्याणच्या हवेंत लोखंडाची वस्तु ‘नुसती’ उभी राहत नाहीं. सालीना सुमारें शंभर इंच पाऊस, एका अंगास ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगास उल्हास नदीची. अशा ठिकाणीं गंजाचें काम रात्रंदिवस चालू असतें. गेल्या वर्षीं आमच्या डोंबिवलीच्या घरीं याचा जो अनुभव आला, तो इतर कुटुंबांसहि उपयोगी पडेल असें वाटून येथें देत आहें.

आमची मोटार म्हणजे आजोबांनीं हौसेनें घेतलेली प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होत असे. ‘पद्मिनी’ हें नांव तिला १९७४ पासून मिळालें. पुढें तिचें उत्पादन बंद झालें आणि मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी-टॅक्सीहि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाल्या. आमची गाडी मात्र अंगणांत पत्र्याच्या छपराखालीं उभी होती. पुण्यास नातवाची मुंज ठरली आणि आजीनें हट्ट धरला कीं, “जाईन तर यांच्या गाडींतूनच जाईन!” घरांतील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मोडावयाचा कोणीं? शिवाय परततांना खंडाळ्याचा घाट उतरावयाचा. तेव्हां प्रथम ब्रेक पाहणें प्राप्त झालें.

पद्मिनीच्या चारहि चाकांस ड्रम-ब्रेक असतात. पेडल दाबलें कीं ब्रेक-ऑइलचा दाब बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत पोंचतो, सिलिंडरांतील दट्टे शू बाहेर ढकलतात आणि ते शू फिरत्या ड्रमला आंतून घट्ट धरतात. चाकाच्या मागील बाजूस एक लहानसा पोकळ स्क्रू असतो, त्यास ब्लीडर म्हणतात. तो सैल करून जुनें ऑइल व आंत शिरलेली हवा बाहेर काढावयाची असते.

आमचे थोरले काका तात्या हे निवृत्त प्राध्यापक. मिस्त्री येण्यापूर्वींच त्यांनीं उघड्या तोंडाचा पाना लावून पहिल्या चाकाचा ब्लीडर जोरानें फिरविला. ‘कट्’ असा आवाज झाला आणि स्क्रूचें डोकें पान्यांत राहिलें!

आळींतील वृद्ध मिस्त्री आले, त्यांनीं तें डोकें हातांत घेऊन पाहिलें व म्हणाले, “तात्या, हा पोकळ असतो. याच्यावर जोर चालत नाहीं.” त्यावर तात्या म्हणाले, “तो तसाच राहूं द्या. बाकीचीं तीन चाकें ठीक दिसतात. गाडी थांबल्याशीं कारण!” मिस्त्रींनीं हत्यारें खालीं ठेविलीं. “मग हें काम मी करणार नाहीं. घाटांत आजी बसणार आहेत ना?” तात्या निरुत्तर झाले.

मिस्त्रींचा हट्ट सशास्त्र होता. ब्रेक-ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. नेहमींच्या ‘डॉट ३’ जातीच्या नव्या ऑइलचा उकळबिंदु निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांच्या आसपास उतरूं शकतो. लांबच्या उतारावर ब्रेक तापले कीं असें ऑइल उकळून त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, पण वाफ दाबली जाते; मग पेडल तळापर्यंत जातें आणि गाडी थांबत नाहीं. म्हणून जुनें ऑइल बदललेंच पाहिजे आणि त्यासाठीं चारहि ब्लीडर सुटलेच पाहिजेत.

लोखंडाचा गंज झाला म्हणजे तो मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. स्क्रूच्या आट्यांत हा गंज पाचरेसारखा बसतो. म्हणून बळ लावण्यापूर्वीं ती पाचर ढिली करावयाची. उरलेल्या तीन ब्लीडरांभोंवतीं मिस्त्रींनीं तारेचा ब्रश फिरविला, गंज सोडविणारें पातळ तेल थेंब थेंब घातलें आणि लहान हातोडीनें हलके ठोके दिले. हाच क्रम त्यांनीं तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ठेविला. चौथ्या दिवशीं सहाहि पैलूंस धरणारा पाना लावून स्क्रू प्रथम किंचित् आवळला, मग किंचित् सोडला, पुन्हां आवळला. पावपाव आट्यानें दोन स्क्रू सुटले.

तिसरा हलेना. तेव्हां तो सिलिंडर गाडीवरून उतरविला, आंतील ऑइल व रबर काढून टाकलें, आणि मगच भोंवतालच्या धातूस बेतानें शेक दिला. बाहेरचा धातु तापून किंचित् फुगला कीं आट्यांची पकड ढिली होते. गाडीवर असतांना मात्र असें कधींहि करूं नये. ब्रेक-ऑइल पेट घेतें. तसेंच फवाऱ्याच्या कांहीं क्लीनरांत क्लोरीनयुक्त द्रव्यें असतात. तीं तापल्यास अत्यंत विषारी वायु निर्माण होतो.

पहिल्या, मोडलेल्या ब्लीडरपाशीं मिस्त्रींनीं वेळ दवडला नाहीं. तो सिलिंडरच नवा घातला. तो काढतांना त्याच्या नळीचा नट नळीसकट पिळूं लागला. लगेच हात थांबवून त्यांनीं क्लिपेखालची माती खरवडली. नळी तेथें इतकी कुरतडलेली होती कीं नख लावतांच खपली निघाली. तात्यांनीं ‘तसाच राहूं द्या’ म्हटलेला स्क्रू तसाच राहिला असता, तर ती नळी कोणाच्या दृष्टीसहि पडली नसती. सर्वच नळ्या नव्या घातल्या.

दोन सूचना गृहिणींनींहि ध्यानांत ठेवाव्या. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून ड्रममधील धूळ फुंकूं वा झाडूं नये. ओल्या फडक्यानें टिपून तें फडकें पिशवींत बांधून टाकावें, आणि मुलांना जवळ फिरकूं देऊं नये. दुसरें असें कीं, आंतील रबरास खनिज तेल वा साधें ग्रीस लावूं नये. त्यानें रबर फुगतें. तेथें ब्रेक-ऑइलच वापरावें व तें दर दोन वर्षांनीं बदलावें. ब्लीडरवर रबरी टोपी बसविली म्हणजे पुढच्या वेळीं तो इतका अडून बसत नाहीं.

मुंज यथासांग पार पडली. परततांना घाटांत तात्यांनीं गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवून उतरविली आणि मागें आजी निश्चिंतपणें डुलकी घेत होती. तो मोडका स्क्रू मात्र तात्यांनीं आपल्या टेबलावर जपून ठेविला आहे. घरांतील मुलें त्याविषयीं विचारतात, तेव्हां ते म्हणतात, “बाळांनो, हा मीं मोडला. आणि मोडला म्हणूनच ती नळी दिसली.”