बोल्ट केव्हा आणि किती आवळावा

रायपूर ही छत्तीसगडची राजधानी जशी आहे, तशीच ती माल वाहतुकीची मोठी पेठही आहे. धमतरी आणि तिल्दा येथील गिरण्यांतला तांदूळ, उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहतींतले लोखंड आणि आसपासच्या खेड्यांतला भाजीपाला या शहरातून सर्वत्र जातो. दक्षिणेकडे जगदलपूरला जाणारा सुमारे 300 किलोमीटरांचा रस्ता धमतरी व कांकेर मागे टाकून केशकालच्या घाटात चढतो आणि तेथील बारा वळणे ओलांडून बस्तरच्या पठारावर पोहोचतो. मोठ्या मालमोटारीला न परवडणारा थोडा माल या वाटांनी पिकअप वाहून नेते. यांतील पुष्कळशी वाहने जुनी असतात. जीपच्या सांगाड्यावर बांधलेली पिकअप वाहने तर जुनी आहेतच. पण टेल्कोने 1988 मध्ये आणलेले टाटामोबाइल व त्याच्या पुढच्या पिढ्यांतील वाहनेही आता वयाने बरीच पुढे गेली आहेत.

अशा वाहनाची वरची डागडुजी मालक हौसेने करतो. परंतु भरलेले वाहन घाटातून सुखरूप उतरते ते खालच्या बाजूच्या, चिखलाने माखलेल्या काही मोजक्या बोल्टांच्या बळावर. हे बोल्ट घट्ट असावेत एवढे सर्वांनाच ठाऊक असते. ते किती घट्ट असावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाहन कोणत्या स्थितीत असताना घट्ट करावेत, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

बोल्टचे खरे काम

बोल्ट म्हणजे दोन भागांना ओवून ठेवणारी खुंटी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. नट फिरविला की आटे एकमेकांवर सरकतात आणि बोल्ट किंचित ताणला जातो. ताणलेला बोल्ट एखाद्या अतिशय ताठ स्प्रिंगप्रमाणे आखडू पाहतो व मधल्या भागांना एकमेकांवर दाबून धरतो. या दाबामुळे त्या भागांमध्ये जे घर्षण निर्माण होते, तेच त्यांना सरकू देत नाही. बोल्टचे काम अडविण्याचे नसून दाबून धरण्याचे आहे.

पिकअपच्या मागील आसाचे उदाहरण घेऊ. पोलादी पाट्यांची चळत आणि आस यांना इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे दोन बोल्ट प्रत्येक बाजूस एकत्र बांधतात. पाट्यांच्या मध्यातून एक बारीक सेंटर बोल्टही गेलेला असतो. त्याचे काम पाटे ओळीत राखणे व आसाची जागा दाखविणे एवढेच असते. यू-बोल्ट सैल पडले की दाब नाहीसा होतो, आस पाट्यांवर सरकू लागतो आणि ब्रेक लावताना किंवा चढावर येणारा सारा धक्का त्या बारीक बोल्टवर येतो. तो तुटला की आस एका बाजूने मागे-पुढे होतो व वाहन तिरके चालू लागते. पाट्यांनाही धोका असतो. त्यांना मध्यावर छिद्र असल्याने ती जागा मुळातच दुबळी असते. यू-बोल्टांचा घट्ट दाब तिला वाकू देत नाही. दाब गेला की नेमक्या त्याच ठिकाणी पाटा मोडतो.

किती जोर लावावा

नट फिरविण्यासाठी लावलेल्या पिळाच्या जोरास टॉर्क म्हणतात. पान्याच्या टोकाशी लावलेले बल आणि पान्याची लांबी यांचा तो गुणाकार होय. 60 सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर 20 किलोग्रॅमचा जोर दिल्यास 12 किलोग्रॅम-मीटर एवढा टॉर्क मिळतो. त्याच पान्यावर नळी चढवून लांबी दीड मीटर केली आणि 40 किलोग्रॅमचा जोर दिला, तर टॉर्क 60 होतो, म्हणजे पाचपट. माणसाला फारसे श्रम झाल्यासारखे वाटत नाही. बोल्टवर मात्र पाचपट भार पडतो.

पोलादाला ताण सोसण्याची मर्यादा असते. बोल्टच्या माथ्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे कोरलेले आढळतात. 8.8 या खुणेचा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही. परंतु त्याच्या 80 टक्के, म्हणजे 640 न्यूटनच्या पुढे तो कायमचा लांबू लागतो. असा लांबलेला बोल्ट वरून घट्ट भासतो, पण त्याची ताकद सरलेली असते. म्हणून तुटलेल्या बोल्टच्या जागी हाताला येईल तो बोल्ट न घालता त्याच खुणेचा घालावा.

दुसरी अडचण घर्षणाची आहे. लावलेल्या टॉर्कचा सुमारे निम्मा भाग नटाच्या तळाशी, आणि जवळजवळ 40 टक्के आट्यांमध्ये, घर्षणातच खर्च होतो. बोल्टला ताण देण्यासाठी उरतो तो अदमासे दहावा हिस्सा. आटे गंजलेले असतील तर हा हिस्साही घटतो, आणि पाना जड लागूनसुद्धा पकड कमीच राहते. उलट आट्यांना तेल लावल्यास त्याच टॉर्कने ताण पुष्कळ वाढतो. पावसाळ्याच्या चिखलातून व उन्हाळ्याच्या लाल धुळीतून फिरलेल्या वाहनात हातांचा अंदाज फसतो तो यामुळे. आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत, निर्मात्याच्या पुस्तिकेत त्या जागेसाठी दिलेला आकडा पाहावा व टॉर्क-पान्याने तो मोजून द्यावा. आटे कोरडे ठेवावेत की तेलकट, हेही पुस्तिकेप्रमाणेच ठरवावे.

वाहन कोणत्या स्थितीत असावे

सर्वांत अधिक चुका होतात त्या येथे. पाट्याच्या टोकाला असलेल्या डोळ्यात, किंवा पुढील स्वतंत्र चाकांच्या आडव्या बाहूंत, बहुधा रबरी बुश असते. पुष्कळ बुशांत आतली व बाहेरची पोलादी नळी रबराला पक्की चिकटविलेली असते. बोल्ट आवळला की आतली नळी कंसाच्या दोन कानांमध्ये जखडली जाते. चाक वर-खाली होताना नळी फिरत नाही. मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा पूर्ववत होते.

वाहन जॅकने उचलून, चाके लोंबकळत असताना हा बोल्ट आवळला, तर लोंबकळण्याची स्थिती हीच रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. वाहन खाली टेकताच रबर पिळले जाते व उभ्या वाहनातही तसेच पिळलेले राहते. वर माल चढला, खड्डा आला, की पीळ आणखी वाढतो. असे बुश लवकर फाटते, आणि दोष मात्र बुशाच्या निर्मात्याला दिला जातो. तेव्हा वाहन उचललेले असताना हे बोल्ट केवळ हलके बसवावेत. नंतर वाहन स्वतःच्या चाकांवर उभे करावे, पुढेमागे थोडे ढकलून स्थिर होऊ द्यावे आणि मगच अखेरचा टॉर्क द्यावा. ग्रीस भरण्याचे तोंड असलेल्या जुन्या पितळी बुशांची गोष्ट वेगळी. तेथे पिन व बुश यांच्यात फिरण्याची हालचाल अपेक्षितच असते. डोळा जखडला जाईल इतके आवळणे तेथे हानिकारक ठरते.

यू-बोल्टांचे चार नट समोरासमोरच्या कोनांतून, आळीपाळीने, तीन-चार टप्प्यांत आवळावेत. एक नट एकदम पूर्ण आवळल्यास पट्टी तिरकी बसते. चारही टोकांशी आट्यांची लांबी सारखी दिसली पाहिजे. अखेरचा टॉर्क येथेही वाहनाचे वजन पाट्यांवर असतानाच द्यावा. एकदा काढलेला यू-बोल्ट पुन्हा न वापरणे हेच श्रेयस्कर.

काम एवढ्याने संपत नाही. पाट्यांवरील रंग, गंज व बारीक खडबडीतपणा पहिल्या भारांखाली दबतो आणि बोल्टचा ताण आपोआप उतरतो. म्हणून पहिल्या काहीशे किलोमीटरांनंतर टॉर्क पुन्हा तपासावा. नट व पट्टी यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवल्यास नट फिरल्याचे चालकाला नुसत्या दृष्टीनेही कळते. नटाभोवती तांबूस भुकटी दिसणे, हीदेखील भाग एकमेकांवर घासत असल्याची खूण होय. दोन्ही बाजूंची पुढच्या व मागच्या चाकांतील अंतरे फीत लावून मोजल्यास आस सरकल्याचे लगेच उघड होते.

हे सारे करताना वाहन केवळ जॅकच्या भरवशावर ठेवून कोणीही खाली शिरू नये. सांगाड्याखाली भक्कम लोखंडी घोडी आणि चाकांना ठोकळे अवश्य असावेत. अर्ध्या दिवसाच्या या कामाने त्या दिवसाची एक खेप बुडते, हे खरे. पण केशकालच्या उतारावर भरलेल्या वाहनाचा आस जागचा हलला, तर पणाला लागतात ते चालकाचे व त्याच्या सोबत्याचे प्राण.