इथेनॉलची वाहतूक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साखर कारखान्याच्या आसवनीतून निघालेले इथेनॉल तेल कंपन्यांच्या डेपोत पोहोचेपर्यंत टँकरमधून कित्येक गावांच्या भरवस्तीतून जाते. तेव्हा त्याविषयी रूढ झालेले समज पारखून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : इथेनॉल वनस्पतिजन्य, म्हणून निरुपद्रवी.

वस्तुस्थिती : उगम शेतातला असला म्हणून दाहकता उणावत नाही. इथेनॉल सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बारमाही. ती वाफ हवेहून जड असल्याने गटारांत व सखल जागी साचते, आणि शुद्ध इथेनॉलची ज्योत भर उन्हात जेमतेमच दिसत असल्याने जवळ जाणारा नकळत आगीच्या तावडीत सापडतो.

गैरसमज : ते पाण्यात मिसळते, तेव्हा पाणी ओतले की संकट टळले.

वस्तुस्थिती : एक भाग इथेनॉल व चार भाग पाणी असे मिश्रणदेखील सुमारे ३६ अंशांवर पेट घेऊ शकते. पेट्रोलच्या आगीवर चालणारा साधा फेसही येथे कुचकामी ठरतो, कारण त्यातले पाणी इथेनॉल शोषून घेते व फेसाचा थर विरतो. यासाठी अल्कोहोलरोधक फेसच लागतो.

गैरसमज : धोका फक्त टाकीतला, टाकी भक्कम असली की झाले.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील चेरी व्हॅली येथे १९ जून २००९ रोजी अतिवृष्टीने रुळांखालचा भराव वाहून गेला, ते अपघाताच्या सुमारे तासभर आधीच लक्षात आले होते, पण ती खबर रेल्वेगाडीच्या चालकांपर्यंत वेळेत पोहोचलीच नाही; परिणामी इथेनॉलचे १९ डबे घसरले, त्यांतील १३ फुटले वा गळले, फाटकापाशी मोटारींत थांबलेल्यांपैकी एकाचा बळी गेला आणि सुमारे ६०० घरे रिकामी करावी लागली. टाक्या कच्च्या होत्या हे खरेच, पण इशारा पोहोचवण्याचा बंदोबस्तही तितकाच कच्चा होता.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा टँकरवर पदार्थाची ओळख सांगणारा फलक असावा लागतो. त्यावर ११७० हा आकडा दिसला तर ते इथेनॉल समजावे. असा टँकर उलटल्यास सांडलेले इंधन भरून घेण्यास धावू नये, ठिणगी टाळावी, वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जाऊन ११२ वर आकड्यासह खबर द्यावी. आणि आपल्या अग्निशमन केंद्रात अल्कोहोलरोधक फेसाची तजवीज आहे काय, हे नगरपालिकेला आजच विचारावे.