गोणपाट ते मोबाइल : साधन कोणी आणायचे?

आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात रोज संध्याकाळी अभ्यासिका भरते. आम्ही काही वकील, शिक्षक आणि नोकरी करणारे कार्यकर्ते आळीपाळीने तिथे बसतो. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सहावीतली एक मुलगी वही उघडून नुसतीच बसली होती. आम्ही विचारले, "काय गं, आज गृहपाठ नाही का?" ती म्हणाली, "आहे ना सर, पण तो पप्पांच्या मोबाइलमध्ये आहे. पप्पा स्लॅबच्या कामावर गेलेत."

रात्री आठला तिचा बाप आला. अंगावर सिमेंट, खिशात मोबाइल. उघडून पाहिले तर रिचार्ज दोन दिवसांपूर्वीच संपलेला. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर गणिताचा स्वाध्याय आला होता, सोबत एका व्हिडिओची लिंक होती. त्यातले काहीच तिच्यापर्यंत पोहोचले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलांना उभे राहायला सांगितले आणि ती उभी राहिली.

त्या शाळेतले गुरुजी काही दुष्ट नाहीत. उलट, मुलांसाठी रात्री घरी बसून व्हिडिओ शोधणारे ते गुरुजी आहेत. पण चांगल्या माणसाच्या हातूनही व्यवस्था आपले काम करून घेत असते, हे आंबेडकरी माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. त्या मुलीचा गुन्हा काय? तिच्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो बापाच्या खिशात आहे, एवढाच.

इथे आम्हाला साताऱ्याच्या शाळेतला भीमराव आठवतो. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या बालपणाच्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा. शाळेचा झाडूवाला त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून संध्याकाळी ते गोणपाट घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा घेऊन यायचे. इतर मुलांना बसायला शाळेची सोय होती. या एका मुलाची सोय मात्र त्याच्या घरावर टाकलेली होती.

आजच्या मोबाइलची तुलना त्या काळच्या अस्पृश्यतेशी करणे आम्हाला मान्य नाही. ती यातना वेगळी होती. पण त्यातला एक धागा आजही तुटलेला नाही. शिकण्याचे साधन शाळेने द्यायचे की मुलाने घरून आणायचे? ज्या दिवशी ‘घरून आणा’ असे उत्तर मिळते, त्या दिवशी गरिबाचे पोर वर्गात असूनही वर्गाबाहेर जाते.

मोबाइलने शिक्षण होऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आपल्या समाजाने यंत्राला कधी नाही म्हटलेले नाही. या तंत्राचा उत्तम उपयोग तर आपल्या महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतच झालेला आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कविता ऐकता यावी, धडा पाहता यावा, अशी सोय केली आणि मुलांच्या घरच्या कन्नड भाषेत मजकूर करून दिला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही असे कोड आले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

दुसरे उदाहरण प्लिकर्स नावाच्या ॲपचे. यात प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचे एक कार्ड असते. शिक्षक प्रश्न विचारतात. उत्तर अ, ब, क की ड, त्याप्रमाणे मुले कार्ड फिरवून वर धरतात. शिक्षकांनी आपला मोबाइल वर्गावरून फिरवला की कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, हे कळते. मागच्या बाकावरचे, कधीच हात वर न करणारे पोरही यात उत्तर देते आणि चुकले तरी कोणी हसत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या दीक्षा ॲपवरचे धडे एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही दाखवता येतात. वर्गात एक पडदा किंवा टीव्ही असला की चाळीस मुले एकत्र पाहू शकतात.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या उदाहरणांत यंत्र शिक्षकाच्या किंवा शाळेच्या हातात आहे. मुलाने फक्त डोळे, कान आणि डोके आणायचे आहे. इथे मोबाइल वर्गाला जोडतो. पण तोच धडा व्हॉट्सॲपवरून घरी पाठवला की मोबाइल वर्ग फोडतो. कारण मग प्रश्न बुद्धीचा राहत नाही, बापाच्या मजुरीचा होतो.

आता कोणी म्हणेल, हल्ली मोबाइल कोणाच्या घरी नाही? घरात मोबाइल असणे आणि मुलाच्या हातात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘असर’च्या २०२१ च्या ग्रामीण पाहणीत शाळेत जाणाऱ्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण ज्यांच्या घरी तो होता, त्यांतल्याही २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. घरात दोन-तीन भावंडे असली की पहिला मान कोणाला मिळतो आणि बहिणीच्या वाट्याला काय येते, हे आपल्या घरात आपणच तपासून पाहावे.

शिवाय यंत्र विकत घेऊन भागत नाही. रिचार्जचा महिना २८ दिवसांचा असतो. म्हणजे कॅलेंडरचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात पावसाने चार दिवस काम बंद पडले की सर्वात आधी रिचार्ज थांबतो. म्हणजे पाऊस पडला की त्या घरातले शिक्षण बंद!

याची सर्वात मोठी किंमत कोरोनाच्या काळात मोजली गेली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेले. त्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी, २०१७-१८ मध्ये, राष्ट्रीय नमुना पाहणीने सांगितले होते की ग्रामीण भागातल्या १४.९ टक्के आणि शहरी भागातल्या ४२ टक्के घरांतच इंटरनेटची सोय आहे. आकडा सरकारचा, निर्णयही सरकारचा. तरीही मुलांकडे साधन आहे की नाही, हे आधी पाहिले गेले नाही. जून २०२० मध्ये केरळात ऑनलाइन वर्ग सुरू झाले, त्याच दिवशी मजुराच्या घरातल्या एका दलित शाळकरी मुलीने जीव दिला. घरचा टीव्ही बिघडलेला होता आणि स्मार्टफोन नव्हता. ही बातमी वाचून देश हळहळला. हळहळ चार दिवसांत ओसरली.

वकील म्हणून आम्ही नेहमी एकच विचारतो, हक्क कुठे लिहिला आहे ते दाखवा. तर तो लिहिलेला आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. त्यासाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे कलम ३(२) प्रत्येक पालकाने पाठ करावे. ज्यामुळे मुलाचे प्राथमिक शिक्षण घेणे आणि पूर्ण करणे अडेल, अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च त्याच्यावर टाकता येणार नाही, असे ते सांगते. फी हा शब्द पुरेसा होता. कायद्याने ‘खर्च’ हाही शब्द घातला. अभ्यासासाठी सक्तीचा झालेला मोबाइल आणि त्याचा रिचार्ज हा खर्च नाही तर काय आहे? कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे अध्यापन-अध्ययनाचे साहित्य द्यावे, असेही लिहिले आहे. आणि कलम ९ स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे जिल्हा परिषद-नगरपालिकेवर, वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देण्याचे कर्तव्य टाकते.

न्यायालयांनीही या प्रश्नाला हात घातलेला आहे. वसतिगृहात संध्याकाळी मोबाइल वापरायला बंदी होती म्हणून एक विद्यार्थिनी केरळ उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी त्या न्यायालयाने इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. १८ सप्टेंबर २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑनलाइन वर्गांसाठी गरीब मुलांना उपकरण आणि इंटरनेट पुरवावे, असा आदेश दिला. त्याला फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, हेही आम्ही लपवणार नाही. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषमतेच्या गंभीर परिणामांकडे बोट दाखवून सरकारांना योजना आखायला सांगितले. म्हणजे दिल्लीच्या आदेशाचा कागद नाचवून आज काम होणार नाही. पण कलम ३(२) ला कोणी हात लावलेला नाही. ते जसेच्या तसे उभे आहे.

समाजातून आणखी एक आक्षेप येतो. मोबाइल मुलांना बिघडवतो, मग आपण तो मागायचाच कशाला? आक्षेप खोटा नाही. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले, तर सोशल मीडियासाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के होते. पण म्हणूनच आमचे म्हणणे आहे की साधन शाळेत असावे, शिक्षकाच्या नजरेखाली असावे आणि शाळा सुटली की कपाटात जावे. घराघरांत मोबाइल वाटा, ही आमची मागणी नाही. यंत्र वाटून शिक्षकांची रिक्त पदे झाकू पाहणाऱ्यांच्या तर आम्ही ठाम विरोधात आहोत. मोबाइल शिक्षकाचा मदतनीस होऊ शकतो, शिक्षक होऊ शकत नाही.

मग करायचे काय? शाळा व्यवस्थापन समिती हे पहिले ठिकाण. कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित घटकातल्या पालकांना प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आपल्या किती वस्त्यांतले पालक या बैठकीला जातात? सही करायला नव्हे, बोलायला जातात? कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. त्यात वर्गासाठी उपकरण, पडदा, वीज आणि इंटरनेट लिहून घ्या. ‘मोबाइलवर पाठवलेला गृहपाठ फळ्यावरही लिहिला जाईल आणि मोबाइल नाही म्हणून कोणत्याही मुलाला उभे केले जाणार नाही’ असा ठराव मांडा. या ठरावाला एक पैसाही लागत नाही.

तरीही ऐकले नाही तर कलम ३२ आहे. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या. सुनावणी घेऊन तीन महिन्यांत निर्णय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथे न्याय मिळाला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीची पोच घ्यायला मात्र विसरू नका. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच असलेला कागद फायलीत राहतो.

१९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात बोलताना बाबासाहेबांनी खालच्या वर्गांसाठी शिक्षण शक्य तितके स्वस्त करण्याचा आग्रह धरला होता. कारण दारात ठेवलेला लहानसा खर्चसुद्धा कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हे ते स्वतःच्या अनुभवाने जाणत होते.

त्या मुलीच्या शाळेत आम्ही गेलो. तिची आई समितीच्या बैठकीत पहिल्यांदाच उभी राहून बोलली. भांडण झाले नाही. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि आता शाळा सुटण्याआधी गृहपाठ फळ्यावर लिहिला जातो. व्हिडिओ वर्गातच, त्यांच्याच मोबाइलवर, मुलांना गटागटाने दाखवला जातो. पडद्याची मागणी आराखड्यात गेली आहे, तिचा पाठपुरावा चालू आहे. ती मुलगी मात्र आता विहारात वही उघडते तेव्हा तिच्या वहीत गृहपाठ असतो. एका वर्गात हे झाले. प्रत्येक वस्तीने आपापल्या शाळेत एवढे केले तरी साधनाअभावी उभी राहणारी पोरे खाली बसतील आणि शिकायला लागतील. जयभीम!