बाटलीवरचा क्रमांक आणि कंपन्यांची सावड



भातावर खोडकिडा दिसला की आपण बाजारातून औषधाची बाटली आणतो. औषध म्हणायचे एवढेच, असते ते विषच. त्या बाटलीवर एक नोंदणीक्रमांक छापलेला असतो. तो येतो कुठून, ते आज पाहू.

१९५८ साली केरळ व मद्रासकडे जहाजातून येताना पॅराथिऑन हे कीटकनाशक खाण्याच्या मालात सांडले आणि शंभरावर माणसे दगावली. पुढे १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला. आता नोंदणीवाचून असे द्रव्य करता येत नाही, की परदेशातून आणता येत नाही. द्रव्य किती जहाल, पिकात किती उरते, मासळीला नि मधमाशीला काय होते, हा पुरावा पहिल्या कंपनीला द्यावा लागतो. त्यात पैसा जातो, वर्षे जातात आणि उंदीर-सशांचे जीवही जातात. मग तेच द्रव्य आणखी दहा कंपन्यांनी करायचे ठरवले, तर प्रत्येकीने पुन्हा तेवढेच उंदीर मारायचे काय?

तुमच्याकडे लावणीला सावड असते ना? आज तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. युरोपने रंग, द्रावके अशा कारखानी रसायनांसाठी जवळपास तेच केले. तिथे १ जून २००७ पासून ‘रीच’ नावाचा कायदा अमलात आहे. वर्षाला एक टन वा अधिक माल करणाऱ्या किंवा आणणाऱ्या कंपन्यांनी एका द्रव्याची नोंदणी मिळून करायची. एक कंपनी म्होरकी होते, हेलसिंकीच्या कचेरीत मुख्य कागद तीच देते, खर्च सगळ्या वाटून घेतात. कणा असलेल्या प्राण्यांवरची चाचणी झाली असेल तर ती पुन्हा करायची नाही. एरवी या कंपन्या बाजारात एकमेकींच्या वैरिणी! म्हणून धंद्याचे गुपित असेल तेवढा भाग वेगळा देण्याची सोय ठेवली आहे. आपल्याकडचा कारखानदार तिथे थेट नोंदणी करू शकत नाही. ती तिथल्या खरेदीदाराने करावी, नाहीतर याने युरोपात प्रतिनिधी नेमावा.

आपल्या कीटकनाशक कायद्याची वाट निराळी. कलम ९(४) प्रमाणे एकाची नोंदणी झाली की दुसऱ्याला फी भरून त्याच अटींवर क्रमांक मिळतो. शेजाऱ्याने चिखलणी केलेल्या खाचरात आपण लावणी करावी, तसे हे. छोट्या कारखानदाराला ते परवडते. पण पहिल्याच्या खर्चाचे काय, हा प्रश्न मला तरी रास्त वाटतो.

मात्र क्रमांक मिळाला म्हणजे विष गोड झाले नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसावर शेतकरी-शेतमजूर गेले. नोंदणी ठरावीक पिकासाठी आणि ठरावीक मात्रेसाठी असते. भाताचे औषध वांग्यावर मारायचे नाही.

गुरुजी, मुलांच्या हाती बाटली देऊ नका. फळ्यावर चार त्रिकोण काढा: तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवाही विषाचाच, हे सांगा. आणि फवारताना कुणाला भोवळ आली, तर दवाखान्यात जाताना लेबलासकट बाटली बरोबर न्यायची. उतारा त्यावरच लिहिलेला असतो.