झडपेची 'झीज' आणि पेशींचे संकेत

हृदयाच्या डाव्या जवनिकेतून महाधमनीत जाणाऱ्या रक्ताच्या वाटेवर तीन पाकळ्यांची एक झडप असते. ती दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडते व मिटते. उतारवयात काहींच्या पाकळ्यांत कॅल्शियम साचते, त्या ताठ होतात व रक्ताचा मार्ग अरुंद होतो. १९०४ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ मॉन्केबर्ग ह्यांनी ह्या विकाराचे वर्णन केले. पुढे दीर्घकाळ तो 'ऱ्हासजन्य' मानला गेला. मराठीतही आपण सहज 'झडपेची झीज' म्हणतो. हा शब्द वस्तुस्थितीस कितपत धरून आहे, ते येथे पाहावयाचे आहे.

'झिजणे' हे अकर्मक क्रियापद आहे. उंबरठा झिजतो, सहाण झिजते. त्यांचे कर्तृत्व केवळ व्याकरणापुरते असते. झडप झिजते असे म्हटले, की तिच्यातील जिवंत पेशी आपोआप दृष्टीआड होतात. परंतु २००१ साली शस्त्रक्रियेने काढलेल्या ३४७ झडपांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे १३ टक्के झडपांत प्रत्यक्ष अस्थि तयार झालेले आढळले. झिजलेल्या वस्तूत हाड उगवत नाही. ते कोणी तरी घडवावे लागते.

हे घडविणाऱ्या पेशी पाकळीतच असतात. पाकळीच्या पृष्ठभागावर अस्तरपेशींचा एकेरी थर असतो आणि आत तंतू राखणाऱ्या अंतराली पेशी असतात. मेदद्रव्ये, दाह व रक्तप्रवाहाचा ताण ह्यांमुळे त्यांना मिळणारे रासायनिक संकेत पालटतात. संकेतरेणू पेशीवरील ग्राही प्रथिनास चिकटतो, त्याची वार्ता टप्प्याटप्प्याने केंद्रकापर्यंत पोचते व विशिष्ट जनुके जागृत होतात किंवा निद्रिस्त राहतात. ह्या साखळीस 'संकेतमार्ग' म्हणतात.

ह्यांपैकी 'नॉच' मार्गाचे नाव उद्‌बोधक आहे. १९१४ च्या सुमारास फळमाशीच्या पंखांच्या कडेला खाचा आढळल्या, त्यांवरून ते पडले. नॉच म्हणजे खाच. शेजारच्या पेशीने स्पर्श केला, की नॉच ग्राही छेदला जातो आणि त्याचा आतील तुकडा स्वतःच केंद्रकात जातो. येथे निरोप घेणाराच निरोप्या होतो. २००५ साली काही कुटुंबांच्या अभ्यासातून असे दिसले, की नॉच-१ जनुकातील बिघाडाने झडप जन्मतः दोनच पाकळ्यांची होऊ शकते व पुढे तीत कॅल्शियम साचते. अस्थिनिर्मितीस चालना देणाऱ्या 'रंक्स-२' ह्या प्रथिनास नॉच आवर घालतो. तो आवर सुटला की अनर्थ होतो. उलट 'अस्थिजनक प्रथिने' म्हणून ओळखले जाणारे संकेतरेणू रंक्स-२ ला उत्तेजन देतात.

आश्चर्य हे, की गर्भावस्थेत झडपेची घडण करणारे संकेतही हेच. शब्दाचा अर्थ प्रकरणावरून ठरतो, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. पेशीतही तसेच आहे. संकेत एकच, परंतु गर्भात तो पाकळी घडवितो आणि वार्धक्यात तीच पाकळी कठीण करतो.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. झीज असेल तर भाग बदलणे एवढाच उपाय उरतो; आणि आजही तीव्र विकारात झडप बदलावी लागते. २००२ पासून ती छाती न उघडता रक्तवाहिनीतूनही बसविता येऊ लागली. विकार क्रियाशील असेल तर ती क्रिया थांबविण्याची आशा धरता येते. मात्र ही आशा सोपी नाही. मेद कमी करणारी स्टॅटिन औषधे २००५ व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत विकाराची गती रोखू शकली नाहीत. मेदाने आरंभीचा संकेत दिला असला, तरी एकदा अस्थिनिर्मितीची साखळी सुरू झाल्यावर ती त्यावर अवलंबून राहत नसावी, असा ह्याचा एक अर्थ लावता येतो. म्हणून पुढील उपाय ह्या साखळीतच शोधले जात आहेत.

अर्थात् 'संकेत' हा शब्दही सावधपणे वापरला पाहिजे. आपल्या शास्त्रपरंपरेत संकेत म्हणजे शब्द व अर्थ ह्यांचा ठरविलेला संबंध. पेशीत काही ठरविणारा कोणी नाही; तेथे रेणूंच्या आकारांचे जुळणे तेवढे आहे. तरीही 'झीज' ह्या शब्दाने झाकलेली क्रिया तो उघड करतो, एवढ्यासाठी तो अधिक स्वीकार्य होय.