बारा तासांची ड्युटी : दुप्पट ओव्हरटाइम हा आरोग्याचाही हक्क

संध्याकाळी सातच्या सुमारास वस्तीच्या तोंडाशी उभे राहा. कामावरून परतणारे आणि रात्रपाळीला निघालेले तिथे एकमेकांना भेटतात. कोणी सोसायटीचा वॉचमन, कोणी हॉस्पिटलात हाऊसकीपिंगला, कोणी गोदामात लोडर, कोणी कंपनीत ठेक्यावर. ड्युटी किती विचारले की उत्तर येते, "बारा तास." ओव्हरटाइम मिळतो का विचारले तर, "बारा तासांचाच पगार ठरलाय."

हा ठरलेला पगार बरोबर आहे का, ते आज पाहू. आरोग्याच्या पानावर पगाराचा हिशेब कशाला, असे वाटेल. पण दवाखान्यात रांग लावणारी अनेक दुखणी या बारा तासांतूनच येतात.

शरीरावर काय परिणाम होतो?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. आपली बारा तासांची ड्युटी सहा दिवस धरली तर ७२ तास होतात. साप्ताहिक सुटी नसेल तर ८४.

झोप अपुरी राहिली की रक्तदाब आणि साखर वाढते. सतत उभे राहून पाय सुजतात, शिरा फुगतात. जागे राहण्यासाठी चहा, तंबाखू, गुटखा वाढतो. शौचालयाची सोय नसल्याने भगिनी पाणीच कमी पितात, मग लघवीला जळजळ सुरू होते. गोळ्या घेऊन तात्पुरते बरे वाटते, पण ड्युटी तीच राहिली तर दुखणे परत येते.

कायदा काय सांगतो?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. १९४८ च्या कारखाने कायद्यात हेच ४८ तास आले आणि जादा कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट मोबदला ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातही जादा कामाला दुप्पट दर कायम आहे आणि ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती लागते.

"आता सरकारनेच बारा तास केलेत," असे काही ठेकेदार सांगतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, हे खरे. पण आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच ठेवली आहे. तीन महिन्यांत जास्तीत जास्त १४४ तास ओव्हरटाइम, अशी मर्यादा त्याच निर्णयात आहे. रोज चार तास जादा, महिन्याचे २६ दिवस, असे तीन महिने धरले तर ३१२ तास होतात. म्हणजे कायमची बारा तासांची ड्युटी त्या सवलतीतही बसत नाही.

हिशेब असा करा

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १५,६०० रुपये आहे. २६ ने भागले तर दिवसाचे ६०० रुपये. ८ ने भागले तर तासाचे ७५. ओव्हरटाइमचा तास दुप्पट, म्हणजे १५० रुपये. चार तासांचे झाले ६००. म्हणजे बारा तासांच्या एका दिवसाचे १,२०० रुपये. बारा तास काम म्हणजे पगारात दोन दिवस, एवढे लक्षात ठेवा. जेवणाची सुटी खरोखर मिळत असेल तर तेवढा वेळ वजा होतो. गेटवर बसूनच डबा खावा लागत असेल तर ती सुटी नव्हे.

आता ठेकेदाराच्या बाजूने बघा. एका गेटला चोवीस तास माणूस हवा. आठ तासांचे तीन वॉचमन ठेवले तर दिवसाला १,८०० रुपये लागतात. बारा तासांचे दोघे ठेवून दुप्पट ओव्हरटाइम दिला तर २,४०० लागतात. जादा तासांचे काहीच दिले नाही तर फक्त १,२००. बारा तासांची ड्युटी परवडते ती ओव्हरटाइम बुडवला जातो म्हणूनच. दुप्पट दर प्रामाणिकपणे द्यावा लागला तर तिसरा माणूस ठेवणेच स्वस्त पडेल. दोघांची झोप वाचेल आणि वस्तीतल्या आणखी एकाला काम मिळेल.

काय करावे?

• रोजची येण्या-जाण्याची वेळ वहीत किंवा कॅलेंडरवर लिहा. हजेरीपत्रकाचा आणि ड्युटी चार्टचा फोटो ठेवा.

• पगाराची स्लिप मागा. बँकेतील नोंदी जपून ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका.

• "ओव्हरटाइम नको" असे लिहून घेतले असले तरी घाबरू नका. कायद्याने दिलेला वेतनाचा हक्क अशा कराराने जात नाही.

• एकट्याने भांडू नका. चार-पाच जण मिळून ठेकेदाराला लेखी अर्ज द्या. एक प्रत मूळ कंपनीला किंवा सोसायटीला द्या आणि पोच घ्या. ठेकेदाराने वेतन थकवले तर मूळ आस्थापनेवरही जबाबदारी येते.

• दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करा. वेतन संहितेत दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. तरीही उशीर नको, कारण पुरावे हरवतात.

• पगारातून ईएसआयसी कापले जात असेल तर कार्ड काढून घ्या. उपचार मिळतात आणि आजारपणाच्या रजेत भत्ताही मिळतो.

हे सगळे होईपर्यंत शरीराकडे दुर्लक्ष करू नका. चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. छातीत दाब, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायातली ताकद जाणे, यांपैकी काही दिसले तर ड्युटी संपायची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आज घरी कोणी ड्युटीवरून आले की जेवणाआधी एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात किती वाजता गेले, किती वाजता आले ते लिहा. मुलांना लिहायला सांगितले तरी चालेल. महिनाअखेरीस सगळ्यांनी मिळून बेरीज करा.