कारखाना आधी, शाळा नंतर
(लेखमाला : हाताला काम, भाग ४)

मागच्या भागात आपण आयटीआयची देशपातळीवरची चौकट पाहिली. १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा हे तिचे दोन खांब. ही चौकट गडचिरोलीला जी लागू, तीच नगर जिल्ह्याला. तरीही ती एका ठिकाणी रुजते आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती इमारत उभी राहते. हे असं का होतं, ते समजून घ्यायला कोल्हारचा परिसर फार उपयोगी आहे.

भगवतीदेवीचं हे गाव प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर आहे. लोणी, संगमनेर, अकोल्यावरून घोटीकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. आज हिरवागार दिसणारा हा पट्टा मुळात दुष्काळी. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांना पाणी खेळू लागलं आणि ऊस आला. पाण्यापाठोपाठ समृद्धी मात्र आली नाही. शेतकरी ऊस लावायचा, गुऱ्हाळात गूळ करायचा आणि गुळाचा भाव पडला की सावकाराच्या दारात उभा राहायचा. पीक होतं, पण त्या पिकावर पुढची प्रक्रिया करण्याचं तंत्र त्याच्या हातात नव्हतं.

ही अडचण अचूक ओळखली ती लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी. शाळेत ते जेमतेम चौथीपर्यंत गेले होते. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या सोबत उभे राहिले आणि चव्वेचाळीस गावांच्या शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. सहकाराच्या अंगाने ही कहाणी अनेकदा सांगितली जाते. मला ती व्यवसाय शिक्षणाची कहाणी म्हणूनही तितकीच मोलाची वाटते.

कारण कारखाना उभा राहताच प्रश्न आला, तो चालवणार कोण? बॉयलरला फायरमन लागतो, मिलला फिटर लागतो आणि पॅनवर पॅनमन. पॅनमनचं काम जवळून पाहिलं तर कौशल्य कशाला म्हणतात ते कळतं. निर्वात भांड्यात रस आटत असतो. पॅनमन अधूनमधून त्यातला नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरतो, उजेडात धरतो आणि दाणा बघतो. दाणा एकसारखा वाढतोय का? मध्येच नवा बारीक दाणा सुटला, तर पुढे सेंट्रिफ्यूगलमध्ये मळी नीट निघत नाही आणि साखर बिघडते. ही नजर पुस्तक वाचून येत नाही, जाणत्या माणसाशेजारी हंगामामागून हंगाम उभं राहून येते. साखर तंत्रज्ञानाचं रीतसर शिक्षण तेव्हा कानपूरला मिळे. तिथली संस्था १९३६ ची. मांजरीची, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, निघाली थेट १९७५ मध्ये. मधल्या काळात शेतकऱ्यांच्या पोरांची कार्यशाळा म्हणजे कारखानाच. ऑफ सीझनला यंत्रं खोलली जात, तेव्हा खरा वर्ग भरे.

शिक्षण संस्था त्यानंतर आल्या. प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था १९६४ ची, लोणीचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं. तंत्रनिकेतन, आयटीआय असा विस्तार होत गेला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी काम आलं, मग कामाने माणूस मागितला, मग शाळा निघाली. आपल्याकडे बहुतेक सरकारी योजना हा क्रम उलटा लावतात.

पण १९८३ ला आणखी एक गोष्ट झाली. राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. खेड्यातली मुलं इंजिनिअर झाली, हा लाभ मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. मात्र त्याच सुमारास घराघरांत एक उतरंडही पक्की झाली. पदवी वर, पदविका मध्ये आणि आयटीआय म्हणजे ज्याला कुठेच प्रवेश मिळाला नाही त्याच्यासाठी. या उतरंडीने आपलं फार नुकसान केलं आहे.

कारण कामाची मागणी कमी झालेलीच नाही. या भागात कुठल्याही बाजारगावी मोटार भरणाऱ्याचं दुकान पाहा. तीनपैकी एक फेज गेला, पंप तसाच चालू राहिला, मोटार जळाली. दुकानातला पोरगा जळकं वायंडिंग तोडून काढतो, वेढे मोजतो, तारेचा गेज पाहतो, खाचांत इन्सुलेशनचा कागद बसवून नवी कॉइल भरतो, वार्निश देऊन वाळवतो आणि मेगर लावून तपासतो. पिकाचं पाणी त्याच्यावाचून अडतं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत जे शिकतो, त्यातलं बरंच त्याला हाताने येतं. येत नाही ते मोटार का जळाली याचं गणित आणि मिळत नाही तो कागद. त्या कागदाअभावी त्याला कंपनीत दाखल होता येत नाही की परवाना मिळवता येत नाही.

आधीच अवगत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद सरकारी कौशल्य योजनांत आहे. माझं म्हणणं इतकंच की ती शहरातल्या केंद्रात बसून राबवू नये. आयटीआयच्या निदेशकाने आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा दुकानांत जावं, सिद्धांत तिथे शिकवावा आणि परीक्षाही जळक्या मोटारीवरच घ्यावी. आयटीआयच्या मुलांनीही उमेदवारीचे काही महिने याच दुकानांत काढावेत. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही.

हे सगळं जमलं तरी एक मोठा वर्ग बाहेर राहतो. याच कारखान्यांना ऊस तोडून देणारी माणसं पाथर्डीसारख्या कोरड्या तालुक्यांतून आणि बीड जिल्ह्यातून येतात आणि हंगामभर कोप्यांत राहतात. दिवाळीच्या आसपास घर सोडलेलं मूल फाल्गुन-चैत्रात परततं. दहावीच त्याच्या हाताला लागत नाही आणि आयटीआयच्या बहुतेक ट्रेडची अट दहावी. शिवाय त्याच्या गावात ना कारखाना आहे, ना कालवा. काम आधी आणि शाळा नंतर हा प्रवरेकाठचा क्रम तिथे लावायचा कसा, हे पुढच्या आठवड्यात पाहू.